पुट्टेन गावची दगडी विधवा

नेदरलँड्स देशाच्या मध्यभागी फेलुवे नावाचा रेताड प्रदेश आहे. त्यात पुट्टेन हे शेतकऱ्यांचे गाव आहे. गावातील जुन्या उपासनामंदिरापासून थोड्या अंतरावर एक बाग असून तीत एका स्त्रीचा दगडी पुतळा उभा आहे. ही स्त्री राणी नव्हे, देवदूत नव्हे आणि विजयाची मूर्तीही नव्हे. त्या भागातील शेतकऱ्याच्या घरची बाई जो साधा पोशाख करीत असे तोच तिच्या अंगावर आहे, आणि हातात एक रुमाल आहे. तिचे तोंड मंदिराकडे आहे. बागेत रांगारांगांनी लहान लहान वाफे केलेले आहेत. ते कबरींच्या ठिकाणी मानावयाचे, कारण ज्यांच्या कबरी येथे असावयास पाहिजेत त्यांची शरीरे येथे नाहीत. मारी आंद्रिसेन नामक शिल्पकाराने हा पुतळा घडविला व १ ऑक्टोबर १९४९ रोजी युलियाना राणीच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. शोक करणारी विधवा हे तिचे नाव असले तरी लोक तिला नुसते 'पुट्टेनची बाई' असेच म्हणतात.

प्रिय वाचकहो, इतक्या दूरच्या गावातील पुतळ्याविषयी आज लिहावयाचे कारण सांगतो. आमच्या एका उपदेशक बंधूंनी मजपुढे असा प्रश्न ठेवला की, ख्रिस्ती मनुष्याने अपराध्यास क्षमा करावयाची आहे, तर मेलेल्यांची स्मारके उभारून जखम उघडी कशास ठेवावी? आठवण राहिली म्हणजे राग राहतो. राग राहिला म्हणजे क्षमा कोठून होणार? ते हे विचारीत होते तेव्हा त्यांच्या मनात कोणतेही युद्ध नव्हते. त्यांच्या वस्तीतील एका घराची गोष्ट त्यांस छळीत होती. त्या घराविषयी येथे लिहिणे योग्य नाही. परंतु उत्तर शोधताना मला पुट्टेन आठवले.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने नेदरलँड्स देश घेतला, तो पाच वर्षे त्यांच्या ताब्यात राहिला. १९४४ च्या सप्टेंबरात दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने आर्नहेम येथील पूल जिंकण्याचा प्रयत्न केला, तो फसला. त्या बाजूची पुष्कळ कुटुंबे घरदार सोडून आसऱ्यासाठी आसपासच्या गावांत येऊन राहिली. पुट्टेनमध्येही अशी माणसे होती. ३० सप्टेंबरच्या रात्री, म्हणजे शनिवारी, गावाबाहेर ओल्डेनअलरच्या पुलाजवळ, सत्तेचा प्रतिकार करणाऱ्या एका गुप्त टोळीने जर्मन लष्कराच्या मोटारीवर हल्ला केला. एक जर्मन अधिकारी झालेल्या जखमांनी मरण पावला. हल्ला करणाऱ्यांपैकीही एक जण मेला. बाकीचे रात्रीच्या अंधारात निघून गेले.

त्या देशातील जर्मन सैन्याचा सेनापती फ्रीड्रिख ख्रिस्तियानसेन याने गावाचा सूड घेण्याचा हुकूम सोडला. दुसरा दिवस रविवार होता. पुट्टेनचे लोक मोठे धर्मशील प्रॉटेस्टंट; रविवारी शेतातले काम बंद ठेवून उपासनेस जाणारे. त्या सकाळी सैन्याने गावास वेढा दिला. स्त्रिया व मुले मंदिरात आणि पुरुष शाळेत व जवळच्या अंडीबाजाराच्या इमारतीत कोंडण्यात आले. या धरपकडीत सात माणसे जिवास मुकली, त्यांत एक तरुण स्त्री होती. सोमवारी, २ ऑक्टोबरास (आपल्याकडे गांधीजयंतीचा दिवस तोच), सुमारे अठरा ते पन्नास वर्षांच्या पुरुषांस रांगेने आगगाडीकडे नेण्यात आले. निघण्यापूर्वी मंदिरात स्तोत्र ८४ गाण्यात आले. वाचकांनी ते स्तोत्र आपल्या शास्त्रात काढून पाहावे. परमेश्वराच्या घराची ओढ लागलेल्या मनुष्याचे ते गाणे आहे. चिमणीलाही जेथे घर सापडते त्या स्थानाचे ते वर्णन आहे. ते गाऊन झाल्यावर त्याच दिवशी गावातील शंभराहून अधिक घरे पेटविण्यात आली.

नेलेले पुरुष सुमारे ६६० होते. प्रथम त्यांस आमर्सफोर्टच्या छावणीत ठेविले. तेथून काहींची सुटका झाली. उरलेल्या सुमारे ६०० जणांस ११ ऑक्टोबरास आगगाडीच्या डब्यांत भरून जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या नॉयेनगामे नावाच्या छावणीत पाठविण्यात आले. वाटेत काहींनी चालत्या गाडीतून उड्या टाकल्या, ते वाचले. बाकीचे तेथून निरनिराळ्या उपछावण्यांत वाटले गेले. पावसाने भरलेल्या जमिनीत रणगाड्यांना अडविणारे चर खणावयाचे, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, पोटात अन्न नाही, आणि वर मार. मृत्यू कोणत्या रोगाने आला हे विचारण्यात अर्थ नव्हता. १९४५ साली युद्ध संपल्यावर पुट्टेनला परत आले ते ४८. त्यांतीलही पाच थोड्याच काळात वारले. एकंदर साडेपाचशेंवर माणसे गेली. एका खेड्यातील कर्ते पुरुष जवळजवळ सगळेच एका दिवसात गेले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. पुढच्या हंगामात नांगर कोणी धरला, गाईंची धार कोणी काढली, हे ज्यांस शेती ठाऊक आहे त्यांस सांगावयास नको.

आता पुतळ्याकडे पुन्हा पाहू. आपल्या गावांतून मारुतीच्या देवळापाशी किंवा वेशीजवळ वीरगळ पाहावयास मिळतात. त्यांवर लढणारा पुरुष कोरलेला असतो, खाली युद्ध आणि वर स्वर्ग. लढून मेला त्याचा दगड, हे सर्व जगास समजते. पण पुट्टेनचे लोक लढले नव्हते. त्यांनी पुलावर गोळी झाडली नव्हती. कित्येकांस त्या रात्री पुलावर काही घडले हेही ठाऊक नव्हते. आणि आर्नहेमकडून आलेला जो पाहुणा कोणाच्या तरी ओसरीवर चार दिवस टेकला होता, तो तर त्या गावचाही नव्हता. अशा मेलेल्यांस काय म्हणावे? देशासाठी प्राण दिले असे म्हणता येत नाही, कारण त्यांनी दिले नाहीत. ते त्यांच्यापासून घेण्यात आले. धर्मासाठी रक्तसाक्षी झाले असेही म्हणता येत नाही, कारण त्यांस धर्म सोडण्याविषयी कोणी विचारले नव्हते.

याच आंद्रिसेनने आम्स्टरडॅम शहरात दुसरे एक स्मारक केले आहे. तेथील कामगारांनी फेब्रुवारी १९४१ मध्ये यहूदी लोकांच्या छळाविरुद्ध संप केला होता, त्याच्या आठवणीसाठी १९५२ साली गोदीवरील मजुराचा पुतळा उभा राहिला. तो मजूर छाती पुढे काढून, पाय रोवून, बाही सरसावून उभा आहे. ज्या हातांनी तो मजूर घडविला त्याच हातांनी पुट्टेनसाठी रुमाल घेतलेली विधवा घडविली. मला ह्यात शिल्पकाराचा मोठा प्रामाणिकपणा दिसतो. जे घडले नाही ते त्याने दगडात कोरले नाही. पुट्टेनमध्ये शौर्य गाजले असे दाखवावयाचे असते तर कोणी हरकत घेतली नसती. त्या काळी सर्व देशास शौर्याच्या कथा हव्या होत्या. त्याने जे खरोखर उरले होते ते दाखविले. काय उरले होते? एक बाई, आणि ज्या मंदिरात तिच्या नवऱ्यास तिने शेवटचे पाहिले त्या मंदिराची भिंत.

आपण धर्मोपदेश करणारी माणसे येथे चुकतो. मयतीच्या घरी गेलो की आपणांस त्या मरणाला काहीतरी अर्थ लावून दिल्यावाचून राहवत नाही. देवाची इच्छा म्हणतो, परीक्षा म्हणतो, काही हेतू असेल म्हणतो. पुट्टेनच्या बाबतीत असे अर्थ लावण्याचे धाडस करणाराने प्रथम लूककृत शुभवर्तमानातील तेरावा अध्याय वाचावा. शिलोआमचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, हा प्रश्न प्रभूने स्वतःच काढला आणि स्वतःच त्यास नकार दिला. ते का मेले हे मात्र त्याने सांगितले नाही.

आणि येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. पुट्टेनवर जे आले ती दरड कोसळली नव्हती. तो मनुष्यांनी केलेला हिशेब होता: एकाने केले, ते सर्वांनी भरावे. हा हिशेब फार जुना आहे आणि तो फक्त जर्मनीत शिकवीत होते असे नाही. १९४२ च्या चळवळीत आपल्या देशातही इंग्रज सरकारने गावांवर सामुदायिक दंड बसविले, ज्यांनी तार तोडली त्यांनीही भरावे व ज्यांनी ती पाहिलीही नाही त्यांनीही भरावे. दंड आणि मरण यांत महदंतर आहे, हे मी जाणतो. तरी मूळ एकच. आणि एकाने फिर्याद दिली म्हणून सगळ्या वस्तीचे पाणी तोडले गेले, पिठाची गिरणी बंद झाली, हे आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी आपल्या वाडवडिलांकडून ऐकले असेल. काहींनी स्वतः सोसलेही असेल. अब्राहामाने सदोमासाठी परमेश्वराशी जी घासाघीस केली ती ह्याच हिशेबाविरुद्ध होती. दहा नीतिमान असले तर? तो धीट म्हातारा पन्नासांपासून दहांपर्यंत खाली आला, आणि देव रागावला नाही.

या हिशेबाचे दुसरे विष असे की, तो मेलेल्यांच्या घरांतही शिरतो. युद्धानंतर पुट्टेनमध्ये अनेक वर्षे एक प्रश्न धुमसत राहिला. गुन्हेगार कोण? हुकूम देणारा सेनापती, हे तर उघडच होते. पण पुलावर हल्ला करणारे कोण होते? त्यांनी दुसऱ्या दिवशी पुढे येऊन आपणांस धरून का दिले नाही? ते पुढे आले असते तर साडेपाचशे वाचले असते काय? ज्या बाईचा नवरा व दोन्ही मुलगे गेले, तिने हा प्रश्न विचारला तर तिला कोण गप्प करील? मादलोन द कैझर या इतिहासकार बाईंनी १९९८ साली पुट्टेनच्या धरपकडीवर मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे चोपन्न वर्षांनंतरही त्या दिवसाचा तपास पुरा झालेला नव्हता.

मला विचाराल तर माझे मत असे आहे. पुलावरील तरुणांच्या शहाणपणाविषयी शंका घेण्याचा अधिकार पुट्टेनच्या विधवांस आहे. पण ज्याने निरपराध्यांस मारले त्याच्या अपराधाचा एक कवडीचाही भाग दुसऱ्याच्या पदरात टाकणे हे त्याचेच काम पुढे चालविणे होय. 'तुम्ही गोळी झाडली म्हणून आम्ही गाव जाळला' हे वाक्य सूड घेणाराचे आहे. आपण ते त्याच्या तोंडातून उचलून आपल्या तोंडात घेऊ नये. ख्रिस्तियानसेनवर आर्नहेम येथे खटला चालून १९४८ मध्ये त्यास बारा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९५१ च्या अखेरीस तो सुटलादेखील. बारा वर्षे सांगितली, भोगली त्यांपैकी थोडी. साडेपाचशेंनी भागून पाहा. माणसांचा न्याय इतकाच पोहोचतो.

तर मग उपदेशक बंधूंचा प्रश्न. स्मारक उभारणे हे क्षमेच्या आड येते काय?

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, रिस्पा नावाच्या बाईची गोष्ट आहे. आमच्या मंदिरांतून तिच्यावर प्रवचन झालेले मी फारसे ऐकले नाही. शौलाने गिबोनी लोकांवर अन्याय केला होता. त्याची भरपाई म्हणून शौलाच्या वंशातील सात जणांस फाशी देण्यात आले. बापाचा अपराध, मरण मुलानातवांस. त्या सातांत रिस्पेचे दोन मुलगे होते. तिने गोणपाट घेतले, खडकावर अंथरले, आणि सातूच्या कापणीच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत ती तेथे बसली. दिवसा पाखरांस आणि रात्री रानातल्या श्वापदांस तिने त्या प्रेतांजवळ येऊ दिले नाही. तिने कोणास शाप दिल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. तिने कोणास क्षमा केली असेही लिहिलेले नाही. ती नुसती बसली. आणि राजास ते कळले तेव्हा दाविदाने त्यांच्या अस्थी गोळा करविल्या, इतकेच नव्हे तर शौल व योनाथान यांच्या, कोणाच्याही ध्यानात न राहिलेल्या अस्थीही आणवून त्यांस त्यांच्या भूमीत पुरविले. त्यानंतर देशासाठी केलेली विनंती देवाने ऐकली असे तेथे सांगितले आहे. पुट्टेनची दगडी बाई ही मला रिस्पेची बहीण वाटते. ती सूड मागत नाही. पण पाखरांनी येऊन हे खाऊन टाकावे, हेही ती होऊ देत नाही.

विसरणे व क्षमा करणे ही दोन भिन्न कामे आहेत. ज्याने कर्जाचा कागदच हरवला त्याने कर्ज माफ केले असे कोणी म्हणत नाही. कागद हाती घेऊन, त्यावरील रक्कम वाचून, मग जो तो फाडतो त्यानेच माफ केले. आणि तो फाडण्याचा अधिकार ज्याचे देणे होते त्याचाच. हाबेलाचे रक्त भूमीतून ओरडते, तेव्हा काइनाच्या शेजाऱ्याने 'जाऊ द्या, मी क्षमा करतो' म्हणणे हा मोठेपणा नव्हे. तो स्वस्तातला पुण्यसंचय होय. पुट्टेनच्या विधवेने आपले दुःख कदाचित सोडावे. पण मेलेल्या नवऱ्याच्या वतीने ती क्षमा कशी करील? आणि आपण, जे तेथे नव्हतो, ते तर मुळीच नाही.

म्हणून प्रथम नाव पाहिजे. पुट्टेनमध्ये बागेशिवाय एक स्मृतिकक्षही आहे, तेथे नेलेल्यांची नावे व छायाचित्रे जपून ठेविली आहेत. पाचशे ही संख्या रडवीत नाही, नाव रडविते.

याविषयी मला स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. पाळकपणाच्या पहिल्या काही वर्षांत आमच्या मंदिराजवळच्या रस्त्यावर कामास आलेला एक परगावचा मजूर तापाने मेला. त्याच्या टोळीने आमच्या कबरस्तानाच्या कोपऱ्यात जागा मागितली, ती आम्ही दिली, मी प्रार्थनाही केली. वहीत लिहिले: अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस. त्याचे दोन सोबती बाहेर पायरीवर बसलेले होते. उठून त्यांस विचारले असते तर नाव, गाव, बापाचे नाव, सर्व मिळाले असते. मी विचारले नाही. संध्याकाळ झाली होती आणि मला दुसऱ्या गावी सभेस जावयाचे होते. तीन महिन्यांनी एक म्हातारा विचारीत विचारीत आला. टोळी केव्हाच पुढे गेली होती. मी वही काढून दाखविली. त्यास वाचता येत नव्हते. त्याने त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, 'ह्यात माझा पोरगा कोठे आहे, साहेब?' मी ती ओळ त्यास मोठ्याने वाचून दाखवू शकलो नाही. त्याने सांगितलेले नाव मी त्या ओळीच्या पुढे लिहिले. पहिली ओळ खोडली नाही, ती तशीच आहे. कबर मात्र कोपऱ्यातील चारांपैकी नेमकी कोणती, हे मला त्या दिवशीही सांगता आले नाही आणि आजही येत नाही.

हे लिहिले, कारण पुढे ज्या पाळकाविषयी लिहावयाचे आहे त्याचा न्याय करावयास बसताना माझी वही मजपुढे उघडी असावी.

जर्मनीच्या उत्तर टोकास, डेन्मार्कच्या सरहद्दीजवळ, लाडेलुंड नावाचे लहान खेडे आहे. नोव्हेंबर व डिसेंबर १९४४ मध्ये सुमारे सहा आठवडे तेथे नॉयेनगामेची एक उपछावणी होती. सुमारे दोन हजार कैदी चर खणावयास रोज गावच्या रस्त्याने नेत व आणीत असत. तेव्हा गावाने पाहिले नाही, असे म्हणता येत नाही. त्या सहा आठवड्यांत तीनशे कैदी मेले, त्यांतील एकशेदहाच्या आसपास पुट्टेनचे होते. त्यांस गावच्या मंदिराच्या कबरस्तानाच्या कडेला नऊ मोठ्या खड्ड्यांत पुरण्यात आले.

तेथील पाळक योहान्नेस मायर हा नाझी पक्षाचा समर्थक होता. हे झाकून त्याची गोष्ट सांगू नये. ज्या सत्तेने ती माणसे तेथे आणली तिच्याच बाजूचा तो मनुष्य. पण ती प्रेते आली तेव्हा त्याने आपल्या कबरस्तानात जागा दिली, मृतांची नावे मिळविली आणि ती मंडळीच्या दप्तरात उतरवून ठेविली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्याने त्या नावांवरून मृतांच्या घरच्यांस पत्रे लिहिली. ती माणसे कोठे पुरली आहेत हे कळविले. पुट्टेनच्या बहुतेक घरांस आपला माणूस कोणत्या मातीत आहे याचा पत्ता नव्हता. ज्यांचे लाडेलुंडमध्ये होते त्यांस तो लागला. १९५० साली पुट्टेनहून आप्तेष्ट मंडळी प्रथमच तेथे आली. शत्रूच्या गावात, शत्रूच्या पाळकाच्या मंदिरात. त्याच वर्षी तेथे स्मारक झाले, आणि दोन्ही गावांचे जाणेयेणे तेव्हापासून सुरू झाले. पुढे १९९० मध्ये तेथे त्या छावणीचा इतिहास दाखविणारे घरही उभे राहिले. छावणीचा मुख्य हान्स ग्रीम हा मात्र १९७१ साली, त्याच्यावर खटला उभा राहण्यापूर्वीच मेला.

मायरविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. जिवंतांच्या बाबतीत तो ज्या बाजूस उभा होता ती बाजू मेलेल्यांची नावे लिहिल्याने धुऊन निघते काय? नाही. एक काम दुसऱ्याची फेड करीत नाही. देवाच्या घरी अशी वजावट चालत असती तर आपणांस तारणाऱ्याची गरजच नव्हती. तरीही ती नावे लिहिली गेली नसती तर १९५० चा तो दिवस आला नसता. समेटाचे सगळे काम एका वहीवर उभे राहिले, आणि ती वही एका चुकलेल्या मनुष्याने ठेविली होती. मला हे समजावून सांगता येत नाही. मी फक्त एवढे पाहतो की, पुट्टेनच्या लोकांस तेथे जाता आले ते लाडेलुंडने 'झाले गेले विसरा' म्हटले म्हणून नव्हे. लाडेलुंडने म्हटले, हे तुमचे, इतके, ह्या नावांचे, येथे आहेत.

आणि जे गेले नाहीत त्यांचे काय? पुट्टेनमधील सर्वच घरे काही त्या प्रवासास निघाली नसतील. ज्यांचे माणूस दुसऱ्या छावणीत कोठे तरी नाहीसे झाले, त्यांस जावयाचे तरी कोठे होते? आणि काहींस जाता येत असूनही जाववले नसेल. त्यांच्यावर दोष ठेवू नका. राहेल आपल्या मुलांसाठी रडली आणि तिने सांत्वन करून घेतले नाही, हे शास्त्राने तिच्या निंदेसाठी लिहिलेले नाही. घाईने समेट करविणारा पाळक हा घाईने नोंद करणाऱ्या पाळकाइतकाच दोषी आहे. दोघांसही दुसऱ्या गावी सभेस जावयाचे असते.

दर वर्षी ऑक्टोबरात पुट्टेनचे लोक त्या बागेत जमतात. त्या सोमवारी जे स्तोत्र गाइले गेले ते पुन्हा गातात. ज्यांनी ते मंदिरात कोंडले जाऊन ऐकले अशी माणसे आता फारशी उरलेली नाहीत; नातवंडे व पणतवंडे गातात.

आमच्या उपदेशक बंधूंस मी हे सर्व सांगितले. ते पुष्कळ वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'म्हणजे मी त्या घरी क्षमेविषयी बोलूच नये काय?' मी म्हटले, बोला, पण मागाहून. आधी मला एवढे सांगा, त्या घरातला जो मुलगा मेला, त्याचे नाव काय? त्यांस ते ठाऊक नव्हते. दोन वर्षे ते त्या घरी जात येत आहेत.

येत्या शुक्रवारी ते पुन्हा जाणार आहेत.